मन हलकं करणारं सुतारकाम: पहिल्या पटाशीपासून पहिल्या कालथ्यापर्यंत

ताण घालवायचा असेल तर लाकडात काहीतरी करून बघा, हा सल्ला हल्ली बऱ्याच जणांना मिळतो. सल्ला खरा आहे, पण अर्धवट आहे. हौसेने सुरुवात करणारे कितीतरी जण थोड्याच दिवसांत वैतागून हत्यारं माळ्यावर टाकतात, आणि त्यामागची कारणं जवळजवळ ठरलेली असतात: बोथट हत्यार, आवाक्याबाहेरची पहिली वस्तू, आणि ‘रविवारपर्यंत झालंच पाहिजे’ अशी स्वतःच स्वतःला घातलेली मुदत. या तिन्ही गोष्टी बाजूला काढल्या तर सुतारकामाइतकं डोकं शांत करणारं काम मला तरी दुसरं माहीत नाही. म्हणून खालची सगळी पावलं ताण आत शिरू नये या बेताने लावली आहेत. वस्तू किती लवकर तयार होते, हा विचार त्यात कुठेच नाही.

हात गुंतले की डोकं का थांबतं

काळजी नेहमी उद्याची असते नाहीतर कालची. करवतीला मात्र आत्ताचं लक्ष लागतं. ती रेषेवरून अर्धा मिलिमीटर सरकली तर डोळ्यांना लगेच दिसतं. लाकूड तासणारा रंधा उलट्या दिशेने गेला तर आवाज लगेच बदलतो. पटाशीची, म्हणजे लाकूड कोरायच्या चपट्या छिन्नीची, धार गेली तर मनगटाला लगेच कळतं. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९७० च्या दशकापासून माणसं कामात रंगून जातात त्या अवस्थेचा अभ्यास केला. त्यांच्या मांडणीत तीन अटी पुन्हा पुन्हा येतात: पुढे काय करायचं ते स्पष्ट असावं, केलेलं बरोबर की चूक ते लगेच कळावं, आणि कामाची अवघड बाजू आपल्या कुवतीला साजेशी असावी. पहिल्या दोन अटी लाकूड आपणहून पुरवतं. तिसरी आपल्या हातात असते, आणि नवखे तिथेच फसतात.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटांसाठी माती, मार्कर आणि कोलाजचं साहित्य देऊन हवं ते करू दिलं. आधी आणि नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांमध्ये ते उतरलेलं दिसलं, आणि आधी कधी कलेला हात लावला होता की नाही याने फरक पडला नाही. अभ्यास लहान होता आणि त्यात लाकूड नव्हतं, त्यामुळे त्यावरून मोठे दावे करायला मी धजणार नाही. पण ‘मला काही येत नाही, मग मला काय उपयोग’ असं वाटणाऱ्याला तो दिलासा देण्यासारखा आहे. तसं पाहिलं तर ही कल्पना जुनीच. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांना सावरण्यासाठी जे हातउद्योग दिले जात, त्यात सुतारकाम होतं, आणि व्यवसायोपचार ही शाखा त्याच काळात उभी राहिली. तिची अमेरिकेतली राष्ट्रीय संघटना १९१७ ची.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. झोप, भूक किंवा कामातलं लक्ष सलग दोन आठवडे बिघडलेलं असेल, किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. करवत नंतरही हातात घेता येईल. आणि झोपेच्या किंवा गुंगी आणणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्यांचा अंमल असेपर्यंत धारेच्या हत्याराला हात लावू नका. दारूचंही तेच.

पाऊल पहिलं: वेळ आणि कोपरा

वेगळी खोली लागत नाही. न हलणारं एक मजबूत टेबल आणि त्यावर चांगला उजेड एवढं पुरतं. टेबल हललं की करवत वाकडी जाते, आणि दोष आपल्या हाताचा वाटतो. म्हणून टेबल भिंतीला टेकवा, पायाखाली पाचर मारा, काहीही करा पण ते घट्ट करा. उंचीचा अंदाज असा: सरळ उभं राहून हात खाली सोडले की तळवा जिथे येतो, साधारण तेवढी उंची रंधा मारायला बरी. कोरकामासाठी टेबल कोपराच्या जवळ आलेलं चांगलं, नाहीतर पाठ धरते.

उजेड एका बाजूने, तिरपा यावा. डोक्यावरच्या दिव्याखाली लाकूड सपाट दिसतं. तेच बाजूच्या दिव्यात प्रत्येक उंचवटा सावली टाकतो.

सुरुवातीला एका बैठकीला पाऊण ते एक तास. त्याहून जास्त नको. दोन तासांनंतर नवख्याचा हात थकतो, आणि थकलेला हातच कापून घेतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. व्हिडिओ बघायचा असेल तर आधी बघून घ्या, काम करताना नको. एक डोळा पडद्यावर आणि एक रेषेवर असेल तर तासाभराने डोकं होतं तेवढंच भरलेलं राहतं.

पाऊल दुसरं: मोजकी हत्यारं

यंत्रांपासून सुरुवात करू नका, हे माझं ठाम मत आहे. गोल पात्याची विजेची करवत किंवा राउटर (लाकडात खाचा पाडणारं विजेचं यंत्र) ९० ते १०० डेसिबलच्या घरात आवाज करतात, आणि ८५ डेसिबलच्या वर सतत राहिलं तर कानांना धोका असतो. म्हणजे कानावर आवरण, डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क, आणि मनात सतत भीती. ही सगळी व्यवस्था काम उरकण्यासाठी असते. आपल्याला काम उरकायचं नाहीये.

हाताच्या हत्यारांपैकी पहिल्या काही महिन्यांना पुरतील अशी ही: बारीक दातांची एक करवत, १२ आणि २५ मिलिमीटरच्या दोन पटाश्या, एक छोटा रंधा, काटकोन तपासायचा एक गुण्या, पोलादी पट्टी, लाकडी हातोडा, कोरायची सुरी, लाकूड आवळून धरणारे दोन क्लँप, आणि धारेचा दगड. करवतीत दोन जाती आहेत. एक ढकलताना कापते, दुसरी, जपानी पद्धतीची, ओढताना. ओढताना पातं ताणलं जातं, त्यामुळे ते पातळ ठेवता येतं, चीर अरुंद पडते आणि जोरही कमी लागतो. मनगट नाजूक असेल किंवा खांदा दुखरा असेल तर ओढायचीच घ्या.

संच म्हणून मिळणाऱ्या डझनभर पटाश्यांच्या मोहात पडू नका. दोन चांगल्या पटाश्या आणि त्यांना धार लावायची सवय, यावर पुष्कळ काम होतं. शिवाय हत्यारं विकत घेणं हा स्वतंत्र छंद आहे. त्यात मन रमतं, पण ते लाकडावरून उठून जाहिरातींवर जातं.

पाऊल तिसरं: लाकूड निवडणं

सरावाला मऊ, सरळ रेषांचं (म्हणजे तंतू सरळ धावणारं), गाठी नसलेलं लाकूड घ्या: पाइन, लिंडेन किंवा पॉप्लर. लिंडेन तर कोरायला इतकं समजूतदार की जगभरचे कोरीवकाम करणारे शतकानुशतकं तेच वापरत आले. साग दिसायला देखणा, पण त्यात सिलिका असते आणि ती धार लवकर खाते. रोजच्या रोज धार लावायची सवय झाल्यावर सागाकडे या.

फळी उचलून डोळ्यासमोर धरा आणि तिच्या कडेवरून लांबवर नजर टाका. बाक, पीळ असेल तर इथेच दिसतो. मग बाजूच्या रेषा बघा. त्या फळीच्या लांबीला समांतर धावत असतील तर उत्तम. कडेतून बाहेर पळत असतील तर ती फळी रंध्याखाली त्रास देणार.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, त्यासरशी फुगतं आणि आकसतं. लांबीत हा फरक नगण्य, रुंदीत मात्र चांगलाच. खोडाच्या वर्तुळांच्या दिशेने तो केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या जवळजवळ दुप्पट असतो, आणि म्हणून फळीला वाटीसारखा बाक येतो. यावर उपाय साधा: आणलेलं लाकूड आठ-पंधरा दिवस काम करायच्या जागेतच, खाली पट्ट्या घालून हवेशीर ठेवा.

फुकट मिळणारं लाकूड बघताना सावध राहा. मालवाहू पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटीवर, आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे शिक्का असतो. त्यावर ‘एचटी’ ही रोमन अक्षरं असतील तर लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं आहे, गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस किमान ३० मिनिटं. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड हा विषारी वायू वापरलेला आहे, ते घेऊ नका. एचटी पॅलेटवरही काय सांडलं असेल ते शिक्का सांगत नाही, तेव्हा त्यातून खाण्याची भांडी बनवू नये. जुनं, हिरवट झाक असलेलं, वाळवी लागू नये म्हणून रसायन मुरवलेलं लाकूड टाळा, त्यात आर्सेनिक असू शकतं. जुन्या रंगवलेल्या फळ्या घासू नका, रंगात शिसं असू शकतं. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, नवख्याला स्वस्त आणि सपाट वाटतं, पण ते कापताना भुकटी फार बारीक उडते आणि त्याला रेषाच नसतात, म्हणजे लाकडाशी ओळख होत नाही.

पाऊल चौथं: धार

एकच पाऊल मनापासून करायचं असेल तर हे करा. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती निसटते, निसटली की लाकूड फाटतं किंवा हात कापतो, आणि दोन्ही वेळा मन चिडतं. धारदार पटाशी मऊ लाकडाचा तंतूंना आडवा छेदसुद्धा गुळगुळीत काढते.

पटाशीला दोन बाजू. एक सपाट पाठ, दुसरी तिरकी उतरण. कारखान्यातून आलेली उतरण बहुधा २५ अंशांची असते, आणि धारेच्या टोकाला ती ३० अंशांची केली तर जास्त टिकते. आधी पाठ. सगळी नाही, धारेजवळचा एक-दोन सेंटिमीटर भाग दगडावर आडवा ठेवून आरशासारखा होईपर्यंत घासा. हे काम हत्याराच्या आयुष्यात एकदाच करावं लागतं, म्हणून घाई नको. मग उतरण. दगडावर पाणी घ्या, उतरण पूर्ण टेकल्याची खात्री करा, मग हँडल अगदी किंचित वर उचला आणि मागे ओढा. कोन धरून ठेवणं जमत नसेल तर धार लावायचं छोटं चाक असलेलं गाइड मिळतं, ते वापरण्यात काही कमीपणा नाही.

थोड्या वेळाने पाठीवरून अंगठा धारेच्या बाहेरच्या दिशेने अलगद फिरवा. धारेच्या दिशेने सरळ कधीच नाही, आडवा. एक बारीक खरखर लागेल. पोलादाची ती केसाएवढी किनार पूर्ण रुंदीभर लागली म्हणजे धार टोकापर्यंत पोचली. एखाद्या कोपऱ्यात लागत नसेल तर तिथे अजून घासायचं आहे. मग बारीक दगडावर तेच, शेवटी पाठ पुन्हा एकदा सपाट टेकवून किनार काढून टाका, आणि चामड्याच्या पट्टीवर मागे ओढत काही फेऱ्या. दगड १००० नंबरचा आणि दुसरा ४००० ते ८००० मधला, एवढे दोन पुरतात; नंबर जितका मोठा तितका दगड बारीक. दगड नसतील तर जाड काचेवर चिकटवलेले ४००, १००० आणि २००० नंबरचे पाण्याचे पॉलिश पेपरही चालतात.

धार तपासायला अंगठा नको, मऊ पाइनचा आडवा छेद घ्या. पातळ सालपट अखंड सुटलं आणि मागचं लाकूड चकचकीत दिसलं तर झालं. भुगा पडला आणि पांढरे ठिपके दिसले तर परत दगडावर.

धार लावण्याचं काम स्वतःच फार शांत करणारं आहे. पुढे-मागे एकच हालचाल, पाण्याचा गारवा, दगडाचा बदलत जाणारा आवाज. दिवस वाईट गेला असेल आणि काही बनवायची उमेद नसेल, तर नुसती धार लावून उठा. बैठक वाया गेली असं समजू नका.

हात आणि नाक सांभाळण्याबद्दल थोडं

लाकूड पकडणारा हात कधीही धारेच्या पुढे नको. लाकूड क्लँपने आवळलं की दोन्ही हात हत्याराच्या मागे राहतात, आणि निम्मा धोका तिथेच संपतो. सुरीने कोरताना पकडणाऱ्या हातात न कापला जाणारा मोजा घाला. पटाशी टेबलावरून पडली तर झेलू नका, पाय मागे घ्या आणि पडू द्या.

घासताना मास्क हवाच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ मध्ये माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकली; धोका मुख्यतः नाकाच्या पोकळ्यांना, आणि मोठ्या प्रमाणात, वर्षानुवर्षं धुळीत काम करणाऱ्यांना. हौशी माणसाने घाबरून जाण्याचं कारण नाही, पण एन-९५ मास्क लावायला आणि झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायला काय लागतं? रंध्याने गुळगुळीत केलेलं लाकूड घासावं लागत नाही, हा हाताच्या कामाचा आणखी एक फायदा.

पाऊल पाचवं: रेष आणि करवत

पहिल्या दोन-तीन बैठकांत काहीही बनवू नका. एक टाकाऊ पट्टी घ्या आणि तिचे नुसते काप काढा.

गुण्या पट्टीच्या कडेला घट्ट टेकवून सुरीने रेष मारा. पेन्सिलची रेष जाड असते, आणि करवतीने तिच्या डावीकडे जायचं की उजवीकडे हा प्रश्न उरतो. सुरीची रेष म्हणजे तंतू आधीच कापलेले, त्यामुळे कडही फाटत नाही. जो भाग फेकायचा त्यावर फुली मारा. करवत स्वतः एक-दीड मिलिमीटर लाकूड खाते, ती चीर फुलीच्या बाजूला पडली पाहिजे.

आता उभं राहणं. करवत, मनगट, कोपर आणि खांदा एका रेषेत. तर्जनी हँडलच्या बाजूने पुढे रोखलेली. एवढ्यानेच करवत सरळ राहायला मदत होते. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याचं पेर पात्याच्या बाजूला टेकवा, दातांच्या वर, आणि एक-दोन हलके उलटे फराटे मारून खाच पाडा. मग लांब, सावकाश फेऱ्या. दाबू नका. करवतीचं वजन तेवढं पुरतं. दाबलं की ती अडकते आणि वाकते. बोटं पांढरी पडली असतील तर मूठ फार आवळली गेली आहे. सोडा, खांदे खाली आणा, आणि पुन्हा धरा. थोड्या फेऱ्यांनंतर श्वास आपोआप करवतीबरोबर चालायला लागतो. त्याच्यासाठी मुद्दाम काही करावं लागत नाही.

शेवटचा तुकडा सुटायच्या वेळी त्याला हाताचा आधार द्या, नाहीतर तो कडेचे तंतू घेऊन तुटतो. आता कापलेल्या तोंडाला गुण्या लावून उजेडासमोर धरा. फट कुठे दिसते? नेहमी एकाच बाजूला दिसत असेल तर चूक हाताची नाही, उभं राहण्याची आहे. पाय थोडे फिरवून बघा.

पाऊल सहावं: कुणाला न दाखवायची पहिली वस्तू

पहिली वस्तू स्वतःच्या कामाला लागणारी असावी, म्हणजे तिच्या दिसण्याचं ओझं नसतं. त्यासाठी बेंच-हूक उत्तम. १८ मिलिमीटर जाड, साधारण ३०० बाय २०० मिलिमीटरचा प्लायवुडचा तुकडा घ्या. एका टोकाला वरच्या बाजूने एक पट्टी, दुसऱ्या टोकाला खालच्या बाजूने दुसरी पट्टी, दोन्ही गोंद आणि स्क्रूने जोडलेल्या. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडते, वरच्या पट्टीला लाकूड टेकवून कापायचं. वरची पट्टी करवतीच्या बाजूला दोनेक सेंटिमीटर आखूड ठेवा, म्हणजे सुटलेली करवत टेबलात न जाता प्लायवर थांबते.

पांढरा सुतारी गोंद पातळ आणि सगळीकडे सारखा लावा. क्लँप आवळल्यावर कडेला गोंदाचे बारीक मणी दिसले की प्रमाण बरोबर. तासाभराने क्लँप काढता येतो, पूर्ण ताकद यायला २४ तास लागतात. हे २४ तास खरोखर थांबा. वाट बघण्याची सवय मला या कामातली फार मोलाची गोष्ट वाटते, कारण बाकी दिवसभर ती कुणी लागू देत नाही.

पाऊल सातवं: रंधा

रंध्याचं पातं आधी इतकं आत घ्या की काहीच निघणार नाही. मग स्क्रू किंचित फिरवत, प्रत्येक वेळी एक फेरी मारत, पातं बाहेर आणा. पहिला कागदासारखा छिलका निघाला की थांबा. नवखे उलटं करतात, जाड छिलक्यापासून सुरुवात करतात, आणि रंधा अडकतो.

दिशा ओळखायला फळीची बाजू बघा. रेषा ज्या दिशेला चढत जातात त्या दिशेने रंधा चालवा, म्हणजे तंतू खाली दबून कापले जातात. विरुद्ध गेलात तर पातं तंतूंच्या खाली शिरून त्यांना उपटतं. हाताला ठेच लागते, आवाज खरखरतो. लगेच फळी फिरवा. सुरुवातीला दाब पुढच्या मुठीवर, शेवटी मागच्या हँडलवर. बरोबर चाललं की सळसळ असा लांब एकसंध आवाज येतो, आणि छिलका पात्यातून वर येऊन गुंडाळला जातो. एक छिलका उलगडून खिडकीकडे धरून बघा, त्यातून उजेड दिसतो.

पाऊल आठवं: कालथा

आता एक उपयोगाची, हातात घ्यायची वस्तू. स्वीडनमध्ये ऑट्टो सालोमोन यांनी १८७० च्या दशकात नेस इथे हस्तकलेच्या शिक्षकांसाठी शाळा काढली, तिथली शिकवण्याची रीतच अशी होती: सुरीपासून सुरुवात, लहान पण खरोखर वापरात येणाऱ्या वस्तू, आणि सोप्याकडून अवघडाकडे. स्लॉइड नावाने ती जगभर गेली. कालथा त्या रीतीत चपखल बसतो.

लाकूड बारीक छिद्रांचं घ्या: मेपल, बीच किंवा चेरी. ज्याचं नाव माहीत नाही ते लाकूड जेवणाच्या वस्तूला वापरू नका. कण्हेर आणि यू ही झाडं विषारी आहेत, तीही नकोत. तुकडा ३०० मिलिमीटर लांब, ६० रुंद, १० ते १२ जाड, आणि रेषा लांबीच्याच दिशेने.

कागदावर अर्धाच आकार काढा, मधोमध दुमडून कापा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. लाकडावर तो उतरवून घ्या. दांडा साधारण २५ मिलिमीटर रुंद राहू दे. जिथे रुंद पातं संपून दांडा सुरू होतो तिथे करवतीने आडव्या खाचा मारा, रेषेच्या एक मिलिमीटर अलीकडे थांबून. मग लांबीच्या दिशेने कापून किंवा पटाशीने खाचांमधले तुकडे उडवून दांडा मोकळा करा.

इथून सुरी. नियम एकच: रुंदाकडून अरुंदाकडे कोरा, म्हणजे पात्याकडून दांड्याकडे, आणि सुरीची चाल अंगापासून दूर. तसं केलं की सुटणाऱ्या तंतूंना खाली आधार असतो. उलट गेलात तर सुरी लाकडात घुसते आणि चीर लांबवर पळते. पातळ पातळ सालपटं काढा, आणि दर थोड्या वेळाने दांडा मुठीत धरून बघा. कुठे टोचतो? तिथेच अजून एक सालपट. मोजपट्टी आता बाजूला ठेवा, मूठ जास्त चांगलं सांगते.

पात्याचं पुढचं टोक रंध्याने एका बाजूने उतरतं करा, शेवटी दोन मिलिमीटर जाड राहील इतपत. मग घासणं: १२०, १८०, २२० नंबरचा पॉलिश पेपर, नेहमी रेषांच्या दिशेने. २२० झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा. दबलेले तंतू उभे राहून लाकूड पुन्हा खरखरीत होईल. वाळल्यावर २२० हलका फिरवा. हे आत्ताच केलं की पुढे धुतल्यावर कालथा खरखरीत होत नाही.

मध्येच चीर गेली तर? बैठक तिथेच थांबवा. दुसऱ्या दिवशी बघा, बहुतेक वेळा आकार थोडा लहान करून भागतं. चीर दांड्यात खोल गेली असेल तर तो तुकडा सरावाला ठेवा आणि नवीन घ्या. एक तुकडा जास्तीचा आधीच कापून ठेवलेला असेल तर या वेळी मन खट्टू होत नाही, म्हणून सुरुवातीलाच दोन कापा.

पाऊल नववं: तेल, आणि तेलाच्या चिंध्या

जेवणाच्या वस्तूला खाण्यायोग्य मिनरल ऑइल, किंवा शुद्ध टंग तेल (टंग झाडाच्या बियांचं) किंवा शुद्ध जवसाचं तेल. ‘बॉइल्ड’ असं लिहिलेल्या जवसाच्या तेलात लवकर वाळण्यासाठी बहुधा धातूंची संयुगं घातलेली असतात, ते कालथ्याला नको. कुणाला अक्रोडाची अ‍ॅलर्जी असेल तर अक्रोडाचं तेलही टाळा. फडक्याने तेल चोळा, पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून घ्या. मिनरल ऑइल वाळत नाही, त्यामुळे ते अधूनमधून पुन्हा लावावं लागतं. टंग किंवा जवसाचं असेल तर पूर्ण कडक व्हायला काही आठवडे लागतात.

तेल लागताच रेषा अचानक उठून येतात. आतापर्यंत फिक्या दिसणाऱ्या लाकडात खोली येते. घाईत पुसून टाकू नका, थोडा वेळ बघा.

आणि आता सगळ्यात गंभीर सूचना. जवस, टंग यांसारखी वाळणारी तेलं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन वाळतात आणि त्यात उष्णता निर्माण होते. चोळामोळा करून टाकलेल्या चिंधीत ही उष्णता कोंडते आणि चिंधी आपोआप पेटू शकते, जवळ ठिणगी नसतानाही. अशी चिंधी कचऱ्याच्या डब्यात कधीही टाकू नका. उघड्यावर, एकेरी, सपाट पसरून पूर्ण कडक होऊ द्या, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या धातूच्या डब्यात बुडवून ठेवा.

मन कसं आहे ते पाहून काम

प्रत्येक मनःस्थितीला एकच काम चालत नाही. डोकं तापलेलं असेल, कुणावर राग असेल, तर पटाशी आणि सुरी नको. रंधा मारा किंवा घासा: मोठी हालचाल, सगळ्या अंगाचा वापर, आणि चुकलं तरी फार बिघडत नाही. डोकं विचारांनी भरलेलं असेल तर आखणी आणि करवत. अचूकपणा लागतो, त्यामुळे विचारांना जागा उरत नाही. मरगळ असेल तर धार. कोरकाम मन जरा थाऱ्यावर असताना. सलग तीन काप चुकले तर तो थकव्याचा इशारा समजा आणि त्या दिवसापुरतं आवरा.

काही वस्तू झाल्या की लोक मागायला लागतात: मला एक करून दे, विकत घेतो. द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण तारीख कबूल करू नका. तारीख आली की मुदत आली, आणि कामावरचा ताणच घरी आला. फोटो टाकून दुसऱ्यांच्या कामाशी तुलना करण्याबद्दलही मी हेच म्हणेन.

एकट्याने करायचं नसेल तर सोबत शोधा. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात ‘मेन्स शेड’ नावाच्या सामायिक कार्यशाळा सुरू झाल्या आणि तिथून त्या इतर देशांत पसरल्या. शेजारी शेजारी उभं राहून काम करताना माणसं जे बोलतात ते समोरासमोर बसून सहसा बोलत नाहीत, हा तिथला अनुभव. एकाच टेबलावर दोघांनी काम केलं तरी तेच होतं.

बैठक आवरताना

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. पात्यांवर हलकं तेल फिरवा, नाहीतर हाताच्या घामानेच गंज धरतो. रंधा आडवा ठेवा, धार टेबलाला टेकू नये. सालपटं गोळा करा. मग उद्याचं लाकूड क्लँपमध्ये लावून, पहिली रेष मारून ठेवा. दमून आल्यावर आज काय करू हा प्रश्न पडला तर माणूस सोफ्यावर बसतो. रेष तयार असली की करवत उचलतो.

कालथा जमला की पुढची वस्तू छोटी पेटी. त्यासाठी चार फळ्या एकाच लांब फळीतून, ओळीने कापून घ्या, आणि प्रत्येकीवर पेन्सिलने क्रमांक टाका, म्हणजे कोपऱ्यांवरून रेषा पुढे धावताना दिसतील.